कोळ्याच्या विषाने इन्सुलिन वाढतं का: नळीतली चाचणी

गुआंगझिटॉक्सिन-१ई हे टॅरंटुला कोळ्याच्या विषातलं ३६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे छोटं प्रथिन. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरची केव्ही २.१ ही पोटॅशियमची वाट ते अडवतं. मग विद्युत-स्पंद लांबतो, कॅल्शियम जास्त आत येतं आणि इन्सुलिन जास्त सुटतं. मात्र पेशीला आधी ग्लुकोजने जागं केलेलं असावं लागतं. म्हणून आधी बघायची ती कमी ग्लुकोजची नळी: तिथे विष घालूनही इन्सुलिन हलता कामा नये.

विषाच्या कुपीची काळजी आधी. पावसाळ्यात बेळगाव-खानापूरच्या ओल्या हवेत फ्रीजरमधली कुपी लगेच उघडली, तर आत दव धरतं आणि पांढरी भुकटी काचेला चिकट थेंबासारखी बसते. अर्धा तास बाहेर बंदच ठेवा, क्षणभर सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात गरगर फिरवा), मग उघडा. ०.१ मिलिग्रॅमला २५३ मायक्रोलिटर पाणी घातलं की साधारण १०० मायक्रोमोलर द्रावण होतं. ५-५ मायक्रोलिटरचे वाटे करून उणे २० अंशांवर ठेवा. वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नका. वीज गेली तर फ्रीजरचं दार उघडायचंच नाही.

क्रेब्स-रिंगर बफरमध्ये (पेशी ठेवायच्या क्षारांच्या द्रावणात) ०.१ टक्का बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन, हवंच, नाहीतर पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं आणि नळीत काही उरत नाही. कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, ढवळत घाला. आधी घातलं तर बफर गढूळ होतो.

उंदराचे आयलेट्स, म्हणजे स्वादुपिंडातले बीटा पेशींचे पुंजके (प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी घेऊनच) रात्रभर ११ मिलिमोलर ग्लुकोजच्या आरपीएमआय या पोषक माध्यमात ठेवा. प्राणीघर नसेल तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या आयएनएस-१ पेशी चालतात, पण त्यांच्या माध्यमात डायसल्फाइड बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल असतं आणि या विषाचा आकार अशाच तीन बंधांवर उभा आहे, तेव्हा पेशी दोनदा धुवा.

पुढे २.८ मिलिमोलर ग्लुकोजमध्ये ३७ अंशांवर एक तास. त्यातल्या शेवटच्या १५ मिनिटांत, विषासह तपासायच्या आयलेट्सना, १०० नॅनोमोलर विष घाला: बंद वाटेवर ते घट्ट बसतं, उघडलेल्या वाटेवर सैल. आता प्रत्येक नळीत सारख्या आकाराचे १० आयलेट्स, १ मिलिलिटर बफर, एक तास. ग्लुकोज २.८, ११ आणि १६.७ मिलिमोलर (रक्ताच्या रिपोर्टच्या भाषेत सुमारे ५०, २०० आणि ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), प्रत्येकी विषासह आणि विषाविना, आणि एक नळी ३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडची (ते जास्त ग्लुकोजशिवायही जिवंत पेशींना इन्सुलिन सोडायला लावतं). ११ची नळी टाळू नका, १६.७ला पेशी आधीच जोरात असल्याने फरक झाकला जाऊ शकतो.

नळ्या बर्फात ठेवा, वरचं पाणी हलक्या हाताने घ्या. एक आयलेट जरी पिपेटमध्ये आला तरी आकडा फुगतो. एलायझाला (इन्सुलिन मोजायच्या चाचणीला) नमुना विरळ करून द्या. खाली उरलेल्या आयलेट्समधलं इन्सुलिन आम्ल-अल्कोहोलमध्ये काढून, एकूण इन्सुलिनपैकी किती सुटलं हे टक्क्यांत मांडा.

२.८लाच इन्सुलिन चढलं तर पेशी फुटल्या आहेत. विषाला दोष देऊ नका. पोटॅशियमची नळीही गप्प असेल तर आयलेट्स मेले आहेत. पोटॅशियम चालतं आणि विष चालत नाही, तेव्हाच कुपीवर संशय घ्या.