रात्री एकच पदार्थ: घरात असेल त्यात भागवायचं कसं

आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. बायकोची संध्याकाळची ड्यूटी, मी साडेसातला ठाण्याला उतरतो, आणि आईला उशिरा जेवलेलं पचत नाही. म्हणजे नऊच्या आत आई, दोन मुलं आणि मी अशी चार पानं उठायला हवीत. एवढ्या वेळात पोळी-भाजी-वरण-भात करायला गेलं की स्वयंपाक होतो, पण जेवताना कुणाशी बोलायचं त्राण उरत नाही. म्हणून रात्री एकच पदार्थ करायचा आणि तोंडी लावायला दोन गोष्टी ठेवायच्या. पापड, लोणचं, ताक, दाण्याची चटणी, कच्चा कांदा, यातलं काहीही चालतं. ताट भरलेलं दिसलं की कुरकुर निम्मी होते.

येताना भाजी आणायची नाही, हेही ठरलेलं. स्टेशनबाहेर मेथीची जुडी ताजी दिसते, भावही बरा असतो, पण रात्री आठला ती निवडणार कोण?

घरी आलं की आधी फ्रीज उघडायचा, मग डबे. काय उरलंय त्यावरून पदार्थ ठरतो.

सकाळचं वरण आणि कणकेचा गोळा उरला असेल तर दुसरा विचार करू नका, चकोल्या करा. मी तर सकाळच्या कुकरमध्ये अर्धी वाटी तूरडाळ मुद्दाम जास्त लावतो. मोठ्या पातेल्यात तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण अशी फोडणी करायची, वरण घोटून ओतायचं आणि भरपूर पाणी घालायचं. दोन वाट्या घट्ट वरणाला चार वाट्या पाणी लागतं. आमटी फार पातळ झाली असं वाटलं पाहिजे, कारण पुढे कणीक ते सगळं पिते. त्यात तिखट, मीठ, गोडा मसाला, तीन-चार आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. तिला उकळी येईपर्यंत कणकेत थोडा ओवा, हळद, तिखट मळून घ्यायचं आणि एक मोठी पोळी लाटायची, नेहमीच्या पोळीपेक्षा जराशी जाड. सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे.

खरं काम पुढे आहे. आमटी खळखळा उकळत असतानाच एकेक तुकडा सोडायचा. सगळे एकदम टाकले की त्यांचा गोळा होतो आणि तो आतून कच्चा राहतो. चार-पाच तुकडे, एकदा डाव फिरवायचा, पुन्हा चार-पाच. सुरुवातीला ते तळाशी जातात, शिजत आले की वर येतात. त्यानंतरही मंद आचेवर सात-आठ मिनिटं राहू द्यावं. एक तुकडा डावाच्या कडेने तोडून पाहायचा, मध्ये पांढरी रेघ दिसली तर अजून थोडा वेळ. वाढताना वर साजूक तूप. ते मात्र हात राखून वाढू नये. आईसाठी मी दोन मिनिटं जास्त शिजवतो.

काहीच उरलेलं नसेल तर पिठलं-भात. भात आधी लावायचा, कुकर उतरेपर्यंत पिठलं तयार होतं. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी. त्यातलं एक वाटी पाणी गार घेऊन बेसन त्यातच कालवायचं, गुठळी राहत नाही. फोडणीत कांदा, लसूण, हिरवी मिरची नीट परतली की उरलेलं पाणी आणि मीठ घालून उकळी आणायची, मग कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं. पिठलं रटरटायला लागलं आणि पिठाचा कच्चा वास गेला की झालं. थोडं पातळ असतानाच उतरवा, ताटात येईपर्यंत ते घट्ट होतंच.

खिचडीचं मी वेगळं काय सांगू? एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. ज्या दिवशी उभं राहवत नाही त्या दिवशी हीच.

पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी. मिक्सरला फिरवू नका, भुगा होतो. हाताने कुस्करा. कोरडी वाटली तर परतताना ताकाचा हबका मारायचा, वर दाण्याचं कूट. भात उरवायचा असेल तर तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका, निवला की लगेच फ्रीजमध्ये. बाहेर राहून बिघडलेला भात फोडणीत परतला तरी सुधारत नाही.

फ्रीजच्या तळाशी दुधीचा तुकडा, कोबीचा दांडा, मलूल कोथिंबीर असं काहीबाही साचलं की थालीपीठ. भाजणी असली तर उत्तम, नाहीतर दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन. भाज्या किसून, कांदा बारीक चिरून, तीळ, ओवा, तिखट, मीठ घालून पीठ सैलसर भिजवायचं. सकाळची आमटी उरली असेल तर पाण्याऐवजी तीच. ओल्या फडक्यावर थापून मधे बोटाने भोकं पाडायची, तव्यावर टाकलं की त्या भोकांत तेल सोडायचं. पहिली बाजू झाकण ठेवून होऊ द्यावी. मुलगी दहावीत आहे, पण थापायचं काम तिचं. मुलगा दही वाढतो, म्हणजे आधी स्वतः खातो.

घरात सहसा संपू न देण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत: बेसन, मूगडाळ, ज्वारीचं पीठ, दाण्याचं कूट, आमसुलं, कांदे, लसूण. लसूण रविवारी टीव्हीसमोर बसून सोलून ठेवतो. मिरच्यांची देठं काढून त्या कोरड्या डब्यात कागदावर ठेवल्या की आठवडाभर टिकतात.

आणि कुळथाचं पीठ, बायकोच्या माहेरून, कुडाळहून येतं ते. दोन वाट्या गार पाण्यात तीन मोठे चमचे पीठ कालवायचं, लसूण-मिरचीच्या फोडणीत ओतायचं, तीन आमसुलं, मीठ, असलंच तर ओलं खोबरं, आणि उकळी येईपर्यंत ढवळायचं. भात तयार असेल तर दहा मिनिटांत पानं घेता येतात. बायको रात्री उशिरा आली की हीच पिठी पाण्याचा हबका मारून गरम करते आणि भाताशिवाय, वाटीने पिते.