सीएनसी लाकूडकामासाठी डिझाइन सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

हौसेने सीएनसी राऊटर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारे यंत्र) घेणारे बहुतेक जण आधी नावाजलेले सॉफ्टवेअर उतरवून घेतात आणि मग त्यात काय जमेल ते शोधत बसतात. खरे तर काय कापायचे आहे आणि आपल्या यंत्राचा कंट्रोलर (त्याच्या हालचाली चालवणारा नियंत्रक) कोणता, हे आधी ठरले की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

कंट्रोलरकडे केलेले दुर्लक्ष सर्वांत आधी अंगाशी येते. ३०१८ प्रकारची लहान यंत्रे सहसा जीआरबीएल या नियंत्रण प्रणालीवर चालतात आणि मूळ जीआरबीएलला बिट (कापणारे पाते) बदलण्याची एम६ ही आज्ञा समजत नाही. त्यामुळे फाइल ‘एरर २०’ दाखवून अडते. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये जीआरबीएलचा पोस्ट प्रोसेसर (डिझाइनचे काम यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत बदलणारा भाग) निवडावा आणि प्रत्येक बिटसाठी जी-कोडची, म्हणजे त्या आज्ञांची, स्वतंत्र फाइल काढावी. हा पोस्ट प्रोसेसर ज्यात नाही, ते सॉफ्टवेअर अशा यंत्रासाठी घेऊच नये.

मराठी नावाच्या पाट्या करणाऱ्यांनी अक्षरांची परीक्षा आधी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. काही कॅम (कापण्याचा मार्ग आखणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप केल्यास जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर नीट जुळतो. तेथे तो पाथमध्ये (नुसत्या बाह्यरेषांत) बदलावा आणि ‘युनियन’ करून शिरोरेषेचे एकमेकांवर चढलेले तुकडे एकसंध करावेत, कारण तसे न केल्यास प्रत्येक सांध्यावर बिट आडवी रेघ मारतो आणि चांगल्या सागवानी फळीवरची शिरोरेषा तुटक दिसते. हीच एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल पुढे नेताना मापही तपासावे. इंकस्केपने ०.९२ आवृत्तीपासून एका इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरले आहेत, तर काही सॉफ्टवेअर ७२ धरतात. या फरकामुळे ३०० मिमीची पाटी ४०० मिमीची होऊन बसते. आयात करताच एक ज्ञात लांबी मोजून पाहावी.

व्ही-कार्व्हिंगमध्ये (व्ही आकाराच्या टोकदार बिटने केलेल्या कोरीवकामात) खोली रेघेच्या रुंदीवरून ठरते. १० मिमी रुंद रेघेला ९० अंशांचा बिट ५ मिमी खोल जातो, तर ६० अंशांचा सुमारे ८.७ मिमी, म्हणजे ६ मिमीच्या एमडीएफच्या आरपार. म्हणून कमाल खोली बांधून देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असायलाच हवी.

पाट्यांऐवजी खाचांत बसणारी कपाटे, खोकी करायची असतील तर गरज वेगळी आहे. १८ मिमी म्हणून घेतलेले प्लायवूड अनेकदा त्याहून पातळ भरते. फ्रीकॅड किंवा फ्यूजनसारख्या पॅरामेट्रिक सॉफ्टवेअरमध्ये नीट बांधलेल्या आराखड्यात जाडीचा एक आकडा बदलला की सर्व खाचा बदलतात. फ्यूजनचा मोफत वैयक्तिक परवाना मात्र २०२० पासून रॅपिड हालचाली (बिट न कापता जलद सरकतो त्या) कापण्याच्या वेगावर आणतो, त्यामुळे मोठ्या कामाला वेळ वाढतो.

‘मोफत चाचणी’ या शब्दांवरही विसंबू नये. व्हेक्ट्रिक या कंपनीच्या कोरीवकाम सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत आपले डिझाइन करून त्याचे चित्ररूप कोरीवकाम पाहता येते, पण टूलपाथ (बिटने जायचे मार्ग) फक्त त्यांच्या नमुना फाइलींचेच जतन होतात. म्हणून त्या आवृत्तीत आपली मराठी अक्षरे आयात करून पडद्यावर तपासावीत, यंत्राशी जुळते का हे त्यांच्या नमुना फाइलीने पाहावे, आणि नंतरच परवान्याचे पैसे भरावेत.