उल्का बघायला माळावर जाताय? या चुका टाळा

2024 च्या डिसेंबरात आम्ही चौघे मिथुन उल्कावर्षाव बघायला म्हसवडच्या पुढे माळावर गेलो. घोंगड्या, थर्मास, भाकरी-चटणी, सगळं बरोबर घेतलं, तिथी तेवढी बघितली नाही. त्या वर्षी दत्तजयंती 14 डिसेंबरला, म्हणजे आदल्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण. घोंगडीचे पट्टे मोजता येतील इतकं चांदणं पडलं होतं. तीन तासांत नऊ उल्का दिसल्या, त्यातल्या दोनांवर अजून वाद आहे.

तेव्हा जागा नंतर ठरवा, आधी भिंतीवरची दिनदर्शिका बघा. 2026 मध्ये 13 डिसेंबरला शुक्लपक्षाची कोर आहे, ती रात्री लवकर मावळेल. पुढचं आकाश आपलंच.

दुसरी चूक तारखेची, आणि ही सगळ्यात जास्त होते. पेपरात ‘14 डिसेंबर’ छापून येतं, लोक 14 ला जेवून निघतात. खरी रात्र 13 ची, म्हणजे 14 ची पहाट. मिथुन राशी रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर येते. नऊ वाजता जाऊन अकराला परत फिरणाऱ्यांनी गाडीचं पेट्रोलच जाळलं म्हणायचं. मध्यरात्रीनंतर आपली बाजू पृथ्वीच्या पुढे धावण्याच्या दिशेला येते, म्हणून जळताना उल्का म्हणून दिसणारे समोरचे धूलिकण जास्त सापडतात. पावसात पळताना छातीच जास्त भिजते, तसंच. नोव्हेंबरातल्या (17-18) सिंह उल्कांसाठी तर मध्यरात्रीआधी बसण्यात काहीच अर्थ नाही, सिंह राशीच तोवर उगवलेली नसते.

12-13 ऑगस्टच्या ययाती (ययाती तारकासमूहातून येतो तो) वर्षावाचं जगभर कौतुक होतं. पण तेव्हा कास-महाबळेश्वरला जाऊन धुक्याशिवाय काय दिसणार? फारच हौस असेल तर माण, खटाव, आटपाडी, जत असा कमी पावसाचा पूर्व भाग गाठा. तरी ढगांचा भरवसा नाहीच.

‘तासाला 120 उल्का’ हा आकडाही फसवतो. तो निखळ काळोख आणि उगमबिंदू (उल्का जिथून फुटल्यासारख्या वाटतात ती आकाशातली जागा) बरोबर डोक्यावर, असं धरून काढलेला असतो. अजिंक्यताऱ्यावरून खाली अख्खा सातारा झगमगत असतो, तिथून फक्त ठळक उल्का दिसतील. कारखाने सुरू असतात त्या दिवसांत नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यातही धूर, धुकं आणि ट्रॉल्यांचे दिवे असतात.

पोहोचल्यावरही दिसत नाही? मग मोबाईल तपासा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका व्हॉट्सॲप मेसेजने ती वाया जातात. बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधा. दुर्बीण घरी ठेवा, तिच्यातून आभाळाचा चिंचोका दिसतो. पाठीवर आडवे व्हा. मिथुन राशीतल्या पुनर्वसूच्या जोडताऱ्यांकडेच टक लावू नका. उल्का तिथून फुटल्यासारख्या वाटल्या तरी लांब रेघा थोड्या बाजूलाच उमटतात. मिनिट-दोन मिनिटं संथ सरकणारा ठिपका उपग्रह असतो, त्याला बघून टाळ्या वाजवू नका. आमच्यातल्या एकाने वाजवल्या होत्या.

आणि घोंगडी अंगाखाली एक, अंगावर एक. पहाटे तीनला दव पडलं की केसांतून पाणी निथळतं, चहा तेव्हासाठी राखून ठेवा. आम्ही तो बारालाच संपवला होता.