गूढ शब्दकोडं सोडवताना: गळ, सर आणि सडा

धोपाव्याच्या जेटीवर दाभोळची फेरीबोट यायची वाट बघताना मी भाचीला गूढ शब्दकोडं (इंग्रजीतलं ‘क्रिप्टिक क्रॉसवर्ड’) शिकवते. काल तिला ओळ दिली: ‘मासे धरायचा आग्रह (२)’. ती पटकन म्हणाली, “मावशी, हट्ट!”

कंसातला आकडा घरांचा. घरं बरोबर भरली, कारण जोडाक्षराला एकच घर. पण मग ‘मासे धरायचा’ हे शब्द कशाला? गूढ कोड्यात भरीचा शब्द नसतो. ओळ वाक्य म्हणून वाचायचीच नाही, ती कुठे मोडते ते बघायचं. ‘मासे धरायचा’ एकीकडे, ‘आग्रह’ दुसरीकडे. मासे धरायचा तो गळ, आणि आग्रह करताना आपण घालतो तीही गळच. दोन्ही बाजू एका शब्दावर येऊन मिळाल्या की उत्तर पक्कं, मग ते पेनने लिहा.

पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ला न्यूयॉर्कच्या एका दैनिकात छापलं. ते साधं होतं, सरळ अर्थ विचारणारं. गूढ प्रकार पुढे ब्रिटनमध्ये वाढला आणि तिथला एक नियम मराठीतही धरून ठेवण्यासारखा आहे: उत्तराचा सरळ अर्थ ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मधे नाही. उरलेला भाग शब्द कसा घडला ते सांगतो, नाहीतर ‘गळ’सारखा त्याचाच दुसरा अर्थ देतो. ‘हाताला नमस्कार कर, काळं पडलं की गोड (४)’. हात म्हणजे कर, नमस्कार कर म्हणजे वंद, आणि शेवटी अर्थ: करवंद.

मराठीत आपल्याला एक जास्तीची मदत आहे, ती फार जण वापरत नाहीत. आपलं व्याकरण लिंग लपवू देत नाही. ‘काळं’ म्हटलं तिथेच उत्तर नपुंसकलिंगी ठरलं. ‘हापूसचा उलटला की पावसाची आली (२)’ घ्या. ‘हापूसचा’ पुल्लिंगी, म्हणून रस. तो उलटा केला की सर. पण घरात रस लिहायचा की सर? उलटवायला सांगितलंय रसाला, आणि अर्थ शेवटी ‘पावसाची’ असा स्त्रीलिंगी. म्हणजे सर. मी प्रत्येक ओळीत आधी चा-ची-चे शोधते.

अर्थांचा साठा मात्र वाढवावाच लागतो. ‘अविवाहित, अंगणात शिंपडलेला (२)’ या ओळीने मला दोन दिवस रडवलं. आमच्याकडे सडा म्हणजे कातळाचं माळरान, करवंदं काढायला जातो तो. अंगणातला सडा आठवला, पण सडा म्हणजे एकटा, बायकामुलं नसलेला, हे डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ची) हाताशी ठेवते. अडलेला शब्द शोधायला नाही, तर ओळखीच्या शब्दाचे उरलेले अर्थ वाचायला. आगर, कात, पट, नाव, भरती: रोज एक घ्यायचा आणि त्याचे सगळे अर्थ वहीत उतरवायचे.

बोट लागतेय. जाता जाता एक तुमच्यासाठी: ‘वाडीत पाणी नेतो, पंगतीत खाली येतो (२)’. दोन्हीकडे पुल्लिंग आहे, ते बघून ठेवा.