टोपाला तोटी बसवताना या चुका टाळा

मे महिन्यात रातांबे पिकायला लागले की माझ्या पडवीत स्टीलचे टोपही यायला लागतात. कोणाला अमृत कोकम काढायला तोटी हवी असते, कोणाला शिरक्याच्या पिंपाला. कोरा टोप घेऊन आलात तर मी आनंदाने भोक पाडून देतो. पण निम्मे टोप घरी बिघडवून झाल्यावर माझ्याकडे येतात, आणि बिघाड दरवर्षी तेच. म्हणून हे लिहून काढतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्टीलवर लाकडासारखं ड्रिल चालवणं. गेल्या वर्षी शेजारचा मुलगा ३० लिटरचा नवा टोप घेऊन आला. "काका, अर्धो तास झालो, भोक काय पडणा नाय." टोपाच्या पोटावर रुपयाएवढा निळा-जांभळा डाग आणि मधे आरशासारखी चकचकीत खळगी. बिटचं टोक जळून गेलं होतं. त्याने ड्रिल फुल स्पीडला, हलक्या हाताने आणि कोरडंच चालवलं होतं. बिट कापत नसेल आणि नुसतं घासत असेल, तर स्टेनलेस स्टील त्या जागी कडक होत जातं. मग आणखी जोराने फिरवलं की आणखी कडक. मी नवं कोबाल्टचं बिट टेकवलं, तर तेही सरकायला लागलं. शेवटी कार्बाइडच्या बरने (ड्रिलला लावायचं बारीक दातांचं, खरवडणारं टोक) वरची कडक साल खरवडून काढली, तेव्हा कुठे बिटने पकड घेतली. पाच मिनिटांच्या कामात आमची दुपार गेली.

माझी सवय सांगतो. आधी सेंटर पंचने ठळक खूण. टोपाच्या आतून आंब्याच्या लाकडाचा ठोकळा, पोटाच्या गोलाईला तासून बसवलेला. मग ४ मिलिमीटरचं एम-३५ बिट, ज्यात ५ टक्के कोबाल्ट असतो. स्पीड कमी, दाब भरपूर आणि दर थोड्या वेळाने खोबरेल तेलाचा थेंब. बिटमधून चकलीच्या तुकड्यासारखी वळलेली कात सुटली पाहिजे. भुकटी पडत असेल तर ताबडतोब थांबा, बिटची धार गेलीय. पुढचं भोक स्टेप बिटने, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणाऱ्या बिटने, वाढवायचं, मिनिटाला २०० ते ३०० फेऱ्यांच्या वर न जाता. पत्रा फुटताना बिट अडकून टोपच गरकन फिरतो, म्हणून टोप शिकंज्यात धरा किंवा दुसऱ्या माणसाला धरायला लावा. हातमोजे घालून ड्रिल चालवू नका, ते बिटमध्ये गुंततात.

अर्ध्या इंची तोटीला अर्ध्या इंचाचं भोक पाडणारेही बरेच. तो अर्धा इंच आतल्या वाटेचा हिशोब आहे, आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर असतो. भोक २२ चं पाडा.

तोटी तळाला चिकटवून लावू नका, तीन-चार सेंटिमीटर वर घ्या, म्हणजे गाळ खाली राहील. भोकाची कड आतून-बाहेरून गोल कानशीने साफ केल्याशिवाय वायसर लावू नका, कड वायसर कापते. आणि लोखंडी ब्रश किंवा कानशीचा किस स्टीलवर राहू देऊ नका. आमच्या खाऱ्या हवेत दोन दिवसांत तिथे गंजाचे ठिपके दिसतात आणि लोक टोपवाल्याला शिव्या देतात.

आता तोटीबद्दल, कारण इथे मी स्वतः चुकलोय. एका वहिनींच्या टोपाला मी बाजारातली चकचकीत मुलामा दिलेली पितळी तोटी लावून दिली. त्यांनी त्यात आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, भरलं. पंधरा दिवसांनी बोलावलं तर आट्यांभोवती हिरवट थर, तोंडाशी मुलामा उडालेला. आंबट आणि खारट रसात पितळेतलं तांबं उतरतं. सगळं आगळ ओतून दिलं. त्यांनी हाताने फोडलेले रातांबे होते ते, मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून पितळी तोटी मी हातात घेत नाही. तोटी, ती आवळून धरणारा चेकनट, जोडाचं निपल सगळं स्टेनलेसचं, वायसर फूड ग्रेड सिलिकॉनचा. सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून आणणाऱ्याला मी परत पाठवतो.

तरीही आगळ महिनोन्‌महिने स्टीलमध्ये ठेवू नका, तोटी कितीही चांगली असली तरी. मिठातला क्लोराइड स्टीलला बारीक खड्डे पाडतो, आणि सुरुवात होते नेमकी वायसरखालच्या फटीत, जिथे आपल्याला दिसत नाही. स्टेनलेसच्या ३१६ ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा जास्त टिकतं, पण घरगुती टोप ३१६ चे क्वचितच. ग्रेड ओळखायला लोहचुंबकावर विसंबू नका, ३०४ ला तो चिकटत नाही आणि स्वस्त २०२ लाही नाही. तोटीचा स्टीलचा टोप साखरेच्या अमृत कोकमाला घ्या. आगळाला चिनी मातीची बरणी किंवा त्रिकोणात २ आकडा असलेला फूड ग्रेड प्लॅस्टिकचा पिंप. त्या प्लॅस्टिकला होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) सावकाश चालवला की स्वच्छ भोक पडतं.

शेवटी पाणी भरून टोप रात्रभर पाटावर ठेवा आणि तोटीखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद. हात लावून पाहणाऱ्यांना बारीक गळती कळत नाही, कागदावर डाग उमटतो. डाग दिसला तर चेकनट पान्याने पिळत बसू नका, सिलिकॉन बाहेर पिचकतो. तोटी उघडा, वायसर पुसा, कड पुन्हा बोटाने तपासा आणि आणखी एक रात्र कागद ठेवा.