टीम पहिल्यांदाच हाती आली की: कुठे हुकूम, कुठे सल्ला, कुठे मोकळीक

नव्या टीम लीडची गोची अशी, की बढती मिळते स्वतःचं काम उत्तम केल्याबद्दल आणि नवीन काम असतं दुसऱ्यांकडून ते करून घेण्याचं. त्यामुळे बहुतेक जण सुरुवातीला एकच शैली वापरतात, तीही नकळत: स्वतः सगळ्यांच्या पुढे धावायचं आणि बाकीच्यांनी आपल्याला गाठावं अशी अपेक्षा ठेवायची.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी 2000 साली नेतृत्वाच्या सहा शैलींची मांडणी केली, त्यात हिचाही समावेश आहे. 3,871 अधिकाऱ्यांच्या माहितीवर ती मांडणी उभी होती. कामाच्या वातावरणावर एकंदरीत वाईट परिणाम करणाऱ्या शैली तिच्यात दोनच निघाल्या, एक हुकूम सोडण्याची आणि दुसरी ही पुढे धावण्याची. पहिलीबद्दल कुणाला आश्चर्य वाटत नाही. दुसरीचा धोका मात्र लक्षात येत नाही, कारण बाहेरून ती मेहनतच दिसते.

बिघडतं ते असं. एखाद्याचं काम अर्धंमुर्धं आलं की लीड समजावत बसत नाही, रात्री बसून स्वतःच दुरुस्त करतो. चूक नेमकी कुठे झाली ते करणाऱ्याला कळतच नाही, म्हणून पुढच्या वेळी तेच होतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो कच्चंच काम पाठवू लागतो, कारण शेवटचा हात लीड फिरवणार हे त्याला ठाऊक झालेलं असतं. मग लीडची तक्रार सुरू होते, की लोक जबाबदारी घेत नाहीत. स्वतःला तपासायचं असेल तर एक आठवडा मोजा: दुसऱ्याचं काम न सांगता किती वेळा दुरुस्त केलंत? दोनपेक्षा जास्त वेळा झालं असेल तर सवय लागली आहे असं समजा. (दोन हा आकडा कामचलाऊ आहे, त्यावर वाद नको.) ही शैली चालते ती छोट्या टीममध्ये, जिथे सगळेच तरबेज आहेत आणि काम दोन-तीन आठवड्यांत संपणार आहे. महिनोन्महिने नाही.

मग निवड कशावरून करायची? स्वभावावरून नको, माणसावरूनही नको. समोरचं एक काम आणि ते करणारा माणूस, या जोडीवरून करा. व्यवस्थापनाचे अभ्यासक पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी 1969 मध्ये मांडलेली कल्पना हीच. तिला संशोधनातून मिळालेला दुजोरा तसा कच्चाच आहे, पण रोजच्या वाटणीला ती उपयोगी पडते. एकच माणूस हिशेबाच्या कामात पक्का आणि ग्राहकाशी बोलण्यात नवखा असू शकतो. पहिल्या कामात त्याला मोकळं सोडायचं, दुसऱ्यात पायरी-पायरीने सांगायचं. ‘तो सीनियर आहे, त्याला काय सांगायचं’ या भिडेपोटी बरीच कामं बुडतात.

अंदाज घेताना ‘जमेल ना?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: हे काम आधी एकट्याने किती वेळा केलंय, पहिल्या तीन पायऱ्या कोणत्या घेणार, आणि अडकण्याची शक्यता कुठे वाटते. तिसऱ्या प्रश्नाला ‘कुठेच नाही’ असं उत्तर आलं, तर बहुधा त्याने अजून कामाचा विचारच केलेला नाही. कधीच केलं नसेल तर काय, कसं, कधीपर्यंत हे स्पष्ट सांगा. थोडंफार केलंय पण उत्साह गळालाय, तर सांगा आणि कारणही समजवा. येतंय पण धीर होत नाही, तर निर्णय त्याला घेऊ द्या, तुम्ही शेजारी बसा. येतंय आणि करायचंही आहे, तर बाजूला व्हा. यातल्या दुसऱ्या टप्प्यावर सगळ्यात जास्त माणसं हातची जातात. नवखेपणाचा जोश ओसरलेला असतो, काम अजून पुरतं येत नसतं, आणि नेमक्या त्याच वेळी ‘आता शिकला’ असं समजून लीड लक्ष काढून घेतो.

हुकूम हा शब्द बदनाम आहे, पण सिस्टीम बंद पडली, माणसांच्या जिवाला धोका आहे किंवा ग्राहकाचा डेटा बाहेर चाललाय, अशा वेळी मतं गोळा करत बसणं हाच गुन्हा. तेव्हा एक काम एकाच माणसाला, नाव घेऊन, वेळ सांगून द्या. ‘कुणीतरी बघा रे’ असं म्हटलं की कुणीच बघत नाही. ऐकणाऱ्याकडून सूचना परत वदवून घ्या. आणि गडबड संपली की ती संपल्याचं जाहीर करा, दोन दिवसांच्या आत बसून काय झालं त्याचा आढावा घ्या. हे शेवटचं राहून जातं. मग संकटातला आवाज पुढचे सहा महिने तसाच चढलेला राहतो आणि वाईट बातमी लीडपर्यंत पोचेनाशी होते.

सल्लामसलतीत दुसरीच चूक होते. निर्णय आधीच झालेला असतो आणि मीटिंग बोलावून ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारलं जातं. लोकांना हे एका फेरीत कळतं. पुढच्या वेळी ते गप्प बसतात, आणि लीड त्या गप्प बसण्याला होकार समजतो. अशा खोट्या विचारण्यापेक्षा सरळ हुकूम परवडला. व्हिक्टर व्रूम आणि फिलिप येटन या अभ्यासकांनी 1973 मध्ये निर्णयाच्या पाच पद्धती दिल्या, एकट्याने ठरवण्यापासून ते सगळ्यांनी मिळून ठरवण्यापर्यंत. त्यांच्या प्रश्नांतले दोन लक्षात ठेवले तरी पुरे: निर्णयाला लागणारी माहिती माझ्याकडे आहे का? आणि लोकांना पटल्याशिवाय याची अंमलबजावणी होईल का? दोन्हीला ‘हो’ असेल तर स्वतः ठरवा आणि कळवा. एकालाही ‘नाही’ असेल तर विचारा. बैठकीच्या पहिल्याच मिनिटात सांगा, की आज तुमचं मत ऐकून मी ठरवणार आहे, किंवा आज आपण सगळे मिळून ठरवणार आहोत. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो न सांगितल्यामुळे नंतर रुसवे होतात.

मोकळीक देणं आणि वाऱ्यावर सोडणं यांतही असाच गोंधळ होतो. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या गटांना वेगवेगळ्या पद्धतीने वागणारे मोठे नेते दिले होते. हुकूमशहा खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं, सल्ल्याने चालणाऱ्या गटात ते बरंचसं सुरू राहायचं. नेता कशातच लक्ष घालत नसलेल्या गटात मात्र काम मुळातच कमी व्हायचं. मुलांच्या क्लबवरून कंपनीबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण तिसरा नमुना ऑफिसात रोज दिसतो आणि त्याला लोक ‘विश्वास’ म्हणतात.

काम सोपवताना या गोष्टी बोलून, आणि मग दोन ओळींत लिहूनही द्या. शेवटी हातात काय हवं. खर्च आणि वेळ यांची मर्यादा किती. कोणते निर्णय तो स्वतः घेऊ शकतो, कोणते घेऊन नंतर कळवायचे, कोणते आधी विचारून घ्यायचे. कशावरून थांबून तुमच्याकडे यायचं. काम कसं करायचं हे मात्र लिहू नका, तो त्याचा भाग. पहिला आढावा काम साधारण पाव झालं असताना घ्या. अर्ध्यावर घेतला तर दिशा चुकलेली असल्यास वळवायला उशीर झालेला असतो.

गोलमन यांच्या सहापैकी उरलेल्या तीन शैलींबद्दल थोडक्यात. दिशा दाखवणारी शैली टीम नव्या कामाला लागताना किंवा भरकटल्यावर हवी, पण ऐकणारे तुमच्यापेक्षा जास्त जाणकार असतील तर ती पोकळ वाटते. आपुलकीची शैली भांडणानंतर किंवा माणसं कमी केल्यानंतर लागते. नुसती तीच ठेवली तर कमी पडणाऱ्याला कुणीच तोंडावर सांगत नाही आणि चांगलं काम करणारे कंटाळून निघून जातात. शिकवत घडवण्याची शैली वेळखाऊ आहे, आणि समोरच्याला शिकायचंच नसेल तर वाया जाते.

मुलाखतीत ‘तुमची नेतृत्वशैली कोणती?’ हा प्रश्न हमखास येतो. एका शब्दात उत्तर दिलंत तर पुढचा प्रश्न अडचणीचाच असतो. दोन वेगळी कामं सांगा, दोन्हींत तुम्ही वेगळं का वागलात ते सांगा.

शैली बदलताना समोरच्याला कारण सांगायला विसरू नका. काल मोकळं सोडलेल्या माणसाला आज रोज दोनदा विचारणा झाली तर त्याला वाटतं, आपल्यावरचा भरवसा उडाला. ‘हे काम तुला नवीन आहे, म्हणून पहिले दोन आठवडे मी रोज दहा मिनिटं बसेन, मग आठवड्यातून एकदा’ एवढं वाक्य पुरतं. दोन आठवडे झाले की खरंच थांबा. सोपवलेलं काम फसलं तर सगळं काढून घेऊ नका, एकच पायरी मागे या: मोकळीक होती तिथे निर्णयाला शेजारी बसा. एकदम पायरी-पायरीच्या सूचनांवर उतरलात, तर तो पुढची चूक तुमच्यापासून लपवेल.