ऐन परीक्षेत घरावर संकट आलं तर विद्यापीठाकडे काय मागायचं आणि कसं

परीक्षा तोंडावर आलेली असताना वडिलांना हार्ट अटॅक येतो, मुलीला डेंग्यू होतो, घरातलं कुणी जातं. अशा वेळी आपल्या घरांतून हमखास ऐकू येतं, "आधी हे निस्तरू, कॉलेजचं मग बघू." ते स्वाभाविक आहे. पण निकाल लागल्यावर सांगितलेली अडचण कितीही खरी असली, तरी तेव्हा काही करण्याचा अधिकार बहुतेक वेळा कुणाच्याच हातात उरलेला नसतो. तीच अडचण त्याच आठवड्यात एका पानावर लिहून दिली तर बरंच काही होऊ शकतं. घरचे सगळे हॉस्पिटलच्या धावपळीत असतील तर हे काम मावशी, काका, मित्र, कुणीही करू शकतं.

पुढचं जवळजवळ सगळं इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात आणि त्याच्या संलग्न कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. यूकेत शिकणाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं आहे.

आधी नेमकं काय मागायचं ते ठरवा

"साहेब, काहीतरी करा" या विनंतीवर कुणीच काही करू शकत नाही. तुमचं नुकसान कशात झालं आहे ते आधी वेगळं काढा, कारण प्रत्येक गोष्टीचा अधिकार वेगळ्या माणसाकडे असतो.

इंटर्नल, सीसीई (वर्गातलं सततचं मूल्यमापन), असाइनमेंट किंवा प्रॅक्टिकल चुकलं असेल तर ते सगळ्यात सोपं. ते शिक्षक आणि एचओडी (विभागप्रमुख) यांच्या पातळीवरचं आहे. गुण विद्यापीठाकडे जायच्या आत गेलात तर पुन्हा टेस्ट घेता येते, असाइनमेंटची तारीख वाढवता येते. गुण एकदा वर गेले की तेच काम दहापट अवघड होतं.

हजेरी कमी पडत असेल तर आजारपणाच्या कारणावरून सूट मागायची. ७५ टक्क्यांची अट सगळ्यांना माहीत असते, पण सवलत किती आणि कुणाच्या सहीनं मिळते हे आपापल्या कोर्सच्या अध्यादेशात, म्हणजे विद्यापीठाच्या नियमावलीत, लिहिलेलं असतं. तेवढं पान कॉलेजच्या ऑफिसातून मागून वाचा. एलएलबीच्या मुलांचा हिशोब वेगळा आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते आणि अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य किंवा डीन ६५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतात.

मुख्य थिअरी पेपरच बुडाला असेल तर मात्र अपेक्षा जमिनीवर ठेवा. एका मुलासाठी विद्यापीठ वेगळा पेपर काढेल असं धरून चालू नका. तिथे मागायचं ते एवढंच, की पुढच्या संधीला, म्हणजे एटीकेटीत किंवा सप्लीमेंट्रीत, बसू द्यावं आणि तोवर पुढच्या सेमेस्टरचा प्रवेश अडवू नये.

आणि गुण वाढवून मागू नका. पेपर तपासणारा पानावर जे आहे त्याचेच गुण देतो. तुमच्या घरी काय घडलं ते त्याला कळत नाही आणि कळून चालणारही नाही. मागायची ती संधी, मुदत किंवा सोय.

कागद गोळा करा, तारखा जुळवा

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी. दाखल झाला नसाल तर ओपीडीची चिठ्ठी, तपासणीचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्यावर रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्का हवा, आणि आजाराच्या तारखांत परीक्षेची तारीख बसायला हवी. बाबू लोक पहिली नजर तिथेच टाकतात, आणि ते योग्यच आहे. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट ओळखीतून काढून आणायचा मोह कितीही झाला तरी नको. ते खोटं ठरलं तर खरी अडचणही कुणी ऐकणार नाही, शिवाय कारवाई होईल ती वेगळीच.

घरात मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला मिळायला वेळ लागतो. त्यासाठी अर्ज थांबवू नका. मुक्तिधामातली पावती किंवा हॉस्पिटलचा कागद जोडा आणि "दाखला मिळताच सादर करीन" असं लिहा.

मनाच्या आजाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या मराठी घरांत हेच सगळ्यात जास्त दडवलं जातं. मूल रात्ररात्र झोपत नाही, पेपरात कोरं पान ठेवून येतं, आणि घरातले म्हणतात, चार लोकांत कशाला सांगायचं. पण विद्यापीठाला सगळी कहाणी सांगावी लागतच नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रमाणपत्रात 'अमुक तारखेपासून उपचार सुरू आहेत, या काळात परीक्षा देण्याच्या स्थितीत नव्हता' एवढं पुरतं. एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत आणि बाणगंगेच्या मानसिक चिकित्सालयात सरकारी उपचार मिळतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. आधी तिथे फोन करा. अर्ज दुसऱ्या दिवशी लिहिला तरी चालेल.

अर्ज: एक पान, हिंदीत किंवा इंग्रजीत

घरी आपण मराठी बोलत असलो तरी इथलं ऑफिस हिंदी-इंग्रजीत चालतं, तेव्हा अर्ज त्यातलाच. वर नाव, एनरोलमेंट नंबर, रोल नंबर, कोर्स, सेमेस्टर, विषय आणि पेपर कोड. खाली मजकूर चार वाक्यांचा. मराठीत सांगायचा तर असा:

"दि. ४ ते ११ डिसेंबर मी रुग्णालयात दाखल होते. त्यामुळे ८ तारखेची प्रात्यक्षिक परीक्षा देऊ शकले नाही. ती पुन्हा देण्याची परवानगी मिळावी. डिस्चार्ज समरी सोबत जोडली आहे."

काय झालं, कधी झालं, त्यानं काय बुडालं, काय हवं. एवढंच. घरची आर्थिक स्थिती, आधीच्या वर्षीचे टक्के, कुणाची ओळख, यातलं काही नको. वाचणाऱ्याला अर्ध्या मिनिटात विनंती कळली की फाइल हलते.

संलग्न कॉलेजातल्या मुलांनी अर्ज प्राचार्यांमार्फतच द्यायचा. थेट आरएनटी मार्गावर, नालंदा परिसरातल्या विद्यापीठाच्या ऑफिसात गेलात तर बहुधा 'फॉरवर्ड करून आणा' म्हणून परत यावं लागतं. खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरात, म्हणजे यूटीडीत (विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत), शिकणाऱ्यांनी आधी एचओडींना भेटायचं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शाखेचा (आलेले कागद नोंदवून घेणाऱ्या खिडकीचा) शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. तोंडी "हो हो, बघतो" यावर समाधान मानून परतू नका. सांगणारे सर चांगलेच असतील, पण पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली तर तुमच्याकडे दाखवायला काय उरेल? त्याच दिवशी अर्जाचा फोटो ईमेलनंही पाठवा.

हात मोडला असेल किंवा अपंगत्व असेल

हे परीक्षेच्या आधीच मागायचं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लिहिता येत नसेल तर लेखनिकही मिळतो. स्वतःचा लेखनिक आणणार असाल तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली हवं, असं २०१८ च्या सूचनांत होतं; आताची अट आधी विचारून घ्या. "४० टक्के नाहीत, मग काही मिळणार नाही" असं कुणी म्हणालं तर सुप्रीम कोर्टाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल दाखवा. रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडण्याचा आजार) असलेल्या उमेदवाराला त्यात लेखनिकाचा हक्क मिळाला आणि त्यानंतर २०२२ मध्ये केंद्रानं ४० टक्क्यांखालच्यांसाठीही वेगळ्या सूचना काढल्या. प्लास्टरमधल्या हातासाठी परीक्षा केंद्राच्या केंद्राध्यक्षांची लेखी परवानगी आदल्या दिवसापर्यंत खिशात असू द्या.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात. पीएचडीच्या विद्यार्थिनींना यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. बाकी कोर्सेसच्या मुलींना हजेरीत आणि फॉर्मच्या तारखांत सवलत द्यावी, असं यूजीसीनं डिसेंबर २०२१ मध्येच विद्यापीठांना कळवलं आहे.

उत्तरच आलं नाही तर

आठवडाभर थांबा, मग आवक क्रमांक सांगून विचारा. तरीही काही नाही झालं तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. समितीनं शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे (ओम्बड्सपर्सनकडे) अपील करता येतं. मध्य प्रदेश सरकारच्या सीएम हेल्पलाइन १८१ चा रस्ताही आहेच, पण माझ्या मते तो नंतरचा. आधी विभागाला वेळ द्या, कारण पुढची दोन वर्षं त्याच लोकांत काढायची असतात. अर्जाचं नेमकं काय झालं ते माहिती अधिकारातही विचारता येतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मूल यूकेत असेल तर

तिथे या सवलतींना 'मिटिगेटिंग' किंवा 'एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणतात. ठरलेला फॉर्म असतो आणि मुदत फार कमी असते. कित्येक विद्यापीठांत 'फिट टू सिट' हा नियम आहे: पेपरला बसलात की 'मी परीक्षा देण्याच्या स्थितीत आहे' असं तुम्हीच जाहीर केलं, असं धरलं जातं. मग आजारपणाचा दावा मान्य होणं कठीण. ताप अंगावर काढून पेपर द्यायची आपली सवय तिथे महागात पडते, म्हणून मुलांना निघण्यापूर्वीच हे सांगा. इंदूरहून आजी-आजोबांच्या निधनाची बातमी गेली तर तेही कारण मांडता येतं. दाखला इंग्रजीत नसेल तर भाषांतर जोडा. विद्यापीठातले सगळे मार्ग संपले तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ओआयए या स्वतंत्र संस्थेकडे तक्रार करता येते. त्यासाठी विद्यापीठाचं 'कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स' हे पत्र लागतं आणि ते मिळाल्यापासून १२ महिन्यांची मुदत असते.